कास : नावे आणि जमा

छत्रपती संभाजीनगराच्या पूर्वेस, जालना रस्ता आणि मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग ही दोन्ही जेथे एकमेकांपासून फारशी दूर नाहीत, तेथे मुकुंदवाडी नावाचे एक जुने गाव आहे. ‘आहे’ असे म्हणावयाचे ते त्याचे गावठाण अद्याप ओळखू येते म्हणून, कारण भोवतालचे शिवार सिडकोच्या वसाहतींनी, चिकलठाण्याच्या कारखान्यांनी आणि विमानतळाने आपापसांत वाटून घेतल्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. गावाच्या नावाचे रेल्वे स्थानक मात्र राहिले आहे. रुळांचा भराव घालताना ज्या ठिकाणची माती उचलली जाते तेथे लोहमार्गाच्या कडेने सखल चर उरतात, पावसाळ्याचे पाणी त्यांत साचून मुरत राहते, आणि अशा ओलीत भाद्रपद सरता सरता जे पुरुषभर उंचीचे गवत पांढऱ्या रेशमी तुऱ्यांनी भरून येते, ते कास. कोणी त्याला कसाड म्हणतात. बहुतेक प्रवासी काहीच म्हणत नाहीत. साताऱ्याजवळचे फुलांचे कास पठार निराळे, त्याचा येथे काही संबंध नाही.

या गवतावर लिहावयाचे कारण त्याचे सौंदर्य हे नव्हे, जरी ते सौंदर्य नाकारण्याइतका अरसिक मनुष्य मिळणे कठीण. कारण असे आहे की, ज्याची सरकार-दरबारी इतकी परस्परविरुद्ध नोंद झाली आहे असे दुसरे गवत आपल्या देशात क्वचितच सापडेल. महसुलाच्या दफ्तरात ते शेते पडीत पाडणारे, सारा बुडविणारे, कर्ज काढून उखडण्याच्या लायकीचे तण म्हणून नावे पडले आहे; आणि कृषिसंशोधनाच्या दफ्तरात, त्याच सरकारच्या पैशाने चालणाऱ्या दुसऱ्या खात्यात, ज्याच्यावाचून आजचा ऊस उभा राहिला नसता असा वंशपुरुष म्हणून ते जमेस धरले आहे. हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे, विशेषतः ज्या महाराष्ट्राचे अर्धे राजकारण उसाच्या कांडीवर उभे आहे त्या महाराष्ट्रात.

प्रथम गवत पाहू. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सॅकॅरम स्पॉन्टेनियम असे असून लिनिअसने ते १७७१ साली दिले. याच सॅकॅरम कुळीत ऊस येतो, आणि जरा जवळ जाऊन पाहिल्यास हे नाते सामान्य माणसाच्याही लक्षात येते: तेच कांड्याकांड्यांचे खोड, परंतु करंगळीएवढे बारीक, भरीव व कठीण, तीच लांब पाती, परंतु अरुंद, मध्यशिरेला पांढरी आणि कडेला इतकी धारदार की निष्काळजीपणे ओढली तर बोट कापले जावे. जागा कोरडी असेल तर गवत कमरेएवढे राहते. नदीचा गाळ, नाल्याचा काठ, तळ्याची कड अशी ओलसर भूमी लाभली तर तीन-चार मीटरपर्यंत चढते. तुऱ्यातील प्रत्येक लहानशा कणिशाच्या बुडाशी पांढऱ्या रेशमी केसांचा झुबका असतो, त्यामुळे बी पिकले की वारा ते सहज उडवून नेतो. परंतु कासाचे खरे बळ वर दिसत नाही. ते जमिनीखाली आडव्या पसरणाऱ्या, डोळ्याडोळ्याला कोंब धरणाऱ्या मुळकांड्यांत आहे. वरचे गवत कापले, जाळले, गुरांनी खाल्ले, पुराने गाळाखाली गाडले, तरी ही मुळकांडी पहिल्या ओलीबरोबर पुन्हा वर येतात.

उंच गवतांच्या ज्या मोठ्या गोत्रात ऊस आणि कास मोडतात, त्याच गोत्रात मराठवाड्याची ज्वारी आहे, मका आहे, वाळा आहे, रोशा आहे, आणि माळावरची कुसळी व मारवेल ही गुरांच्या ओळखीची गवतेही आहेत. इतकेच नव्हे, तर अमेरिकेच्या मध्यभागी शेकडो कोसांपर्यंत पसरलेल्या ‘प्रेअरी’ नामक तृणभूमीवर एके काळी ज्याचे राज्य होते ते ‘बिग ब्लूस्टेम’ नावाचे गवतही याच गोत्रातले. त्या तृणभूमीच्या पाणथळ भागांत ‘कॉर्डग्रास’ नावाचे दुसरे एक उंच गवत माजते; त्याचे गोत्र वेगळे, पण शील कासासारखेच: जाड मुळकांडी, कापणारी पाती, ओल्या मातीला धरून ठेवण्याची ताकद. पोलादी नांगराने प्रेअरी मोडून मक्याची शेते केल्यावर तेथील लोक आता उरल्यासुरल्या तुकड्यांत ही देशी गवते मुद्दाम बी आणून पेरतात. आपल्याकडे कास कोणी पेरीत नाही. ते आपल्या पायांनी येते, आणि बहुधा जेथे येऊ नये असे आपल्याला वाटते तेथेच येते.

जुन्या लोकांनी मात्र या गवताकडे डोळसपणे पाहिले होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाणी शोधण्यावर उदकार्गल नावाचा जो अध्याय आहे, त्यात मुंज, कुश आणि काश ही तृणे विशिष्ट रंगाच्या खडेवजा मातीत एकत्र वाढलेली दिसली तर तेथे भरपूर व गोड पाणी लागते, असे सांगितले आहे. ज्या प्रांतात विहीर खणणे हा अर्धा जुगारच असतो तेथील लोकांनी हा अध्याय अधिक आदराने वाचावयास हरकत नाही. आयुर्वेदाने तृणपंचमूळ नावाचा जो गट मूत्रविकारांसाठी सांगितला, त्यात कुश, काश, शर, दर्भ यांच्या जोडीला इक्षु म्हणजे ऊस बसविलेला आहे. गुणसूत्रांची गणना करून जे नाते विसाव्या शतकात सिद्ध झाले, त्यातील दोघे आप्त वैद्यांच्या एकाच काढ्यात कित्येक शतके शेजारी उकळत होते, हा योगायोग असला तरी मनोज्ञ आहे. कालिदासाने ऋतुसंहारात शरदाला काशपुष्पांचे वस्त्र नेसविले आहे हे तर सुप्रसिद्धच आहे.

बंगालमध्ये काश फुलले की दुर्गापूजा जवळ आली असे समजतात. सत्यजित राय यांच्या १९५५ साली पडद्यावर आलेल्या ‘पथेर पांचाली’मध्ये अपू आणि दुर्गा ही भावंडे ज्या पांढऱ्या रानातून आगगाडी पाहावयास धावतात ते रान कासाचेच. १९५२ च्या ऑक्टोबरात त्या प्रसंगाचे चित्रण सुरू झाले. आठवड्याने उरलेला भाग टिपण्यासाठी मंडळी पुन्हा तेथे गेली तो सगळी फुले गुरांनी खाऊन टाकलेली, आणि मग दुसऱ्या वर्षीच्या शरदापर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर उरले नाही. गुराख्याच्या दृष्टीने यात नवल काही नाही. कोवळे कास म्हैस आवडीने खाते. आसामच्या काझीरंगात आणि नेपाळच्या चितवनात एकशिंगी गेंड्याच्या आहाराचा फार मोठा भाग हेच गवत असते. जून झाल्यावर मात्र ते चाऱ्याच्या कामाचे राहत नाही, मग छप्पर शाकारण्यास, कूड बांधण्यास आणि दोरखंड वळण्यास जाते. किंवा जात असे, असे म्हणणे अधिक बरे, कारण पत्रा आला आणि शाकारणारे हात दुसऱ्या कामाला लागले.

आता नावेची बाजू. मराठवाड्याच्या काळ्या रानात शेतकऱ्याचे हाडवैर मुख्यतः हरळी, कुंदा आणि लव्हाळा यांच्याशी. कास येथे नाल्याच्या कडेने आपली मर्यादा सांभाळून राहते. परंतु उत्तरेस बुंदेलखंडात आणि जुन्या मध्य प्रांताच्या सागर, दमोह, होशंगाबाद या गव्हाच्या मुलखात त्याने जो उच्छाद मांडला, त्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातील जमाबंदीच्या अहवालांत जागोजाग आढळतात. त्याची रीत अशी, की शेत कसणारा हात मजबूत आहे तोवर ते बांधावर थांबते. दुष्काळाने, साथीने किंवा साऱ्याच्या ओझ्याने रयत परागंदा झाली, जमीन दोन-तीन साल पडीत राहिली, की ते आत शिरते. आणि एकदा आत शिरले म्हणजे परत आलेल्या कुळाच्या लाकडी नांगराला व वखराला दाद देत नाही, कारण ही अवजारे चार-पाच इंचांपलीकडे जात नाहीत आणि मुळकांडी त्याखाली सुरक्षित असतात. उलट वरवरच्या नांगरटीने त्यांचे जे तुकडे होतात त्यांतील प्रत्येक डोळ्यातून नवे रोप निघते, म्हणजे शेतकरी स्वतःच्या बैलांनी शत्रूची लागवड करतो. तगाई दिली, सारा तहकूब केला, माफ केला, तरी जमीन सुटेना. दहा-पंधरा वर्षांनी कास आपोआप थकते आणि मग जमीन पुन्हा वहीत करता येते, अशी त्या भागातील शेतकऱ्यांची समजूत होती. ती कितपत खरी यापेक्षा, त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता, हेच तिच्यातून अधिक दिसते.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात धान्याचा तुटवडा होता, शिधापत्रिका होत्या, आणि परदेशी गहू आणावयास परकीय चलन नव्हते. अशा वेळी कासाखाली गेलेली गव्हाची जमीन सोडविणे हा केंद्र सरकारला अन्नोत्पादन वाढविण्याचा जवळचा मार्ग वाटला, यात आश्चर्य नाही. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेले ट्रॅक्टर गोळा करून केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभारण्यात आली. आणि जागतिक बँकेने १९४९ साली भारताला जी पहिली दोन कर्जे दिली त्यांतले पहिले ऑगस्टमध्ये रेल्वेसाठी होते, तर दुसरे, सप्टेंबरातले १ कोटी डॉलरचे, मुख्यतः कास उखडणाऱ्या अवजड ट्रॅक्टरांसाठी होते. एका गवतासाठी राष्ट्राने आंतरराष्ट्रीय कर्ज काढावे ही गोष्ट आज विनोदी वाटेल. परंतु ज्यांनी उन्हाळ्यात त्या साखळीपट्ट्याच्या यंत्रांना फूट-सव्वा फूट खोल जमीन उलथताना आणि मुळकांड्यांची जाळी चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळत पडलेली पाहिली असेल, त्यांना ती विनोदी वाटली नसणार. उपाय साधा होता आणि गुणकारी होता. मुळकांडी वर आणायची आणि सूर्याच्या स्वाधीन करायची, एवढेच. फक्त तेवढी ताकद बैलांत नव्हती.

जमेची बाजू सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ज्याला शास्त्रज्ञ ‘नोबल’ म्हणजे थोर कुळीचा ऊस म्हणतात तो जाड, मऊ, रसाळ ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. दख्खनच्या कालव्यांवर पूर्वी जो पुंड्या ऊस होत असे तो याच जातीचा. चावून खाण्यास पुंड्यासारखा ऊस नाही, असे तो खाल्लेले वृद्ध सांगत. परंतु थोर कुळीत जे दोष असावयाचे ते त्यातही होते: ऊन, थंडी, पाण्याचा ताण, पाण्याचा निचरा न होणे, कीड, रोग, यांपैकी काहीच त्याला सोसत नसे, आणि एकदा तोडला की खोडवा चांगला फुटत नसे. उत्तर भारतात जे बारीक, कणखर देशी ऊस पिकत, ते थोर ऊस आणि कास यांच्या फार प्राचीन काळी निसर्गतःच झालेल्या संकराची संतती होत, असे आता मानले जाते. पण त्यांत साखर कमी आणि वजनही कमी.

गेल्या शतकापूर्वीच्या शेतकऱ्याला उसाचे बी ही वस्तूच ठाऊक नव्हती. ऊस लावायचा तो कांडीचे बेणे लावून. तुरा आला की रसातील साखर उतरू लागते म्हणून तुरा हे अशुभच. त्या तुऱ्यातील बी रुजते, हे १८८०च्या दशकाच्या अखेरीस जावात आणि बार्बाडोसमध्ये सिद्ध झाले, आणि नेमक्या त्याच सुमारास जावाचे ऊसमळे ‘सेरेह’ नावाच्या रोगाने उद्ध्वस्त होत होते. तेथील डच संशोधकांच्या नजरेस कासूर नावाचे एक रानटी झुडूप आले, ज्याला हा रोग शिवत नसे. ते थोर ऊस व कास यांचा नैसर्गिक संकर निघाले. त्याचा थोर उसाशी पुनःपुन्हा संकर करीत, म्हणजे कासाची जिद्द ठेवून त्याचा रानटीपणा पिढीगणिक धुऊन काढीत, येस्वीट या संशोधकाने १९२१ साली पीओजे २८७८ हा जो ऊस काढला त्याने थोड्याच वर्षांत जावातील बहुतेक मळे व्यापले.

भारतात हेच काम कोइमतूरला झाले. १९१२ साली तेथे ऊस-पैदास केंद्र स्थापन झाले ते एवढ्यासाठी की, उत्तर भारतात ज्याला धड तुरा येत नाही त्या उसाला कोइमतूरच्या हवेत तुरा येतो आणि बीही धरते. केंद्राचे प्रमुख चार्ल्स बार्बर आणि त्यांचे सहकारी, पुढे ‘सर’ झालेले टी. एस. वेंकटरामन यांनी आरंभीच एक धाडस केले: वेल्लै नावाचा थोर ऊस मातेच्या जागी घेऊन त्यावर कोइमतूरच्याच रानातील कासाचा पराग टाकला. साखर काढण्यासाठी ज्यात साखर जवळजवळ नाही असा पिता निवडणे हे तत्कालीन मळेवाल्यांना वेडेपणाचे वाटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही. परंतु त्या संकरातून निघालेला को २०५ हा ऊस १९१८ साली पंजाबात गेला आणि तेथील देशी उसांना त्याने मागे टाकले. पुढील ‘को’ जातींच्या जोरावर, आणि १९३२ च्या साखर-संरक्षण कायद्याच्या आडोशाने, जावाहून साखर आणणारा हा देश दहा वर्षांच्या आत आपल्यापुरती साखर करू लागला. को २८१ आणि को २९० या जाती तर मोझॅक रोगाने खंगलेल्या अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतातही लावल्या गेल्या.

येथे गुणसूत्रांचा एक विलक्षण प्रकार सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सामान्यतः अपत्याला आईकडून अर्धी आणि बापाकडून अर्धी गुणसूत्रे मिळतात. थोर उसाची गुणसूत्रे ८०. कोइमतूरच्या कासाची ६४. या हिशेबाने को २०५ ची ४० अधिक ३२ अशी ७२ भरावयास हवी होती. प्रत्यक्षात ती ११२ भरली, कारण या विशिष्ट संकरात माता आपली ८० च्या ८० गुणसूत्रे अपत्याच्या पदरात टाकते आणि पिता मात्र नियमाप्रमाणे अर्धीच देतो. मातेचा वाटा असा आयताच दुप्पट झाल्यामुळे गोडी लवकर परत आली. अन्यथा कासाचा रानटीपणा काढून टाकण्यास आणखी कित्येक पिढ्या लागल्या असत्या. आजच्या उसात शंभरापासून सव्वाशे-तीसपर्यंत गुणसूत्रे सापडतात, आणि त्यांपैकी सुमारे दहा-पंधरा टक्के कासाकडून आलेली असतात. टक्केवारीने हा वाटा किरकोळ दिसतो. परंतु फुटव्यांची संख्या, खोडव्याची उमेद, रोगाशी टक्कर, पाण्याचा ताण आणि पाणथळ अशा दोन्ही टोकांना तग धरणे, हे सारे त्याच वाट्यातून आले. आणि जो मराठी शेतकरी एका लागणीवर दोन-दोन खोडवे घेतो तो नकळत कासाच्याच कमाईवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा हप्ता उचलीत असतो.

महाराष्ट्रापुरता हा वंशवृक्ष असा उतरतो. पुंड्या मागे पडला तो जावाच्या पीओजे २८७८ पुढे, आणि नंतर को ४१९ पुढे. या को ४१९ ची माता पीओजे २८७८ च होती, म्हणजे जावाच्या कासाचा अंश फिरून निरेच्या व प्रवरेच्या काठी आला. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून या जातींची पारख करीत आले आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि पुढे जी सहकारी साखरेची लाट उसळली, तिच्या मागे भांडवल, कालवे, नेतृत्व यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु को ४१९, त्यामागून को ७४० आणि आताच्या पिढीतील को ८६०३२ या कोइमतुरी जाती नसत्या तर गव्हाणीत टाकावयास काय मिळाले असते, हा प्रश्न सहकाराच्या इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. पुढाऱ्यांचे पुतळे झाले. गवताचा पुतळा करता येत नाही हे खरे, पण पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद देता आला असता.

कोइमतूरच्या कथेत आणखी एक नाव यावयास हवे. तलश्शेरीस १८९७ साली जन्मलेल्या जानकी अम्माळ १९३४ मध्ये या संस्थेत आल्या आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कासाच्या व उसाच्या गुणसूत्रांची जी मोजदाद केली तिने या गवताचे भारतीय मूळ स्पष्ट होण्यास मोठी मदत झाली. उसाचा मक्याशी संकर घडवून आणण्याचे श्रेयही त्यांचेच. १९३९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि पुढे डार्लिंग्टन या शास्त्रज्ञांसह त्यांनी लिहिलेला लागवडीतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ साली निघाला. त्यांच्या कामाचा धागा स्वातंत्र्यानंतर ज्या मोहिमेने पुढे नेला, ती मोहीम म्हणजे कासाचीच मोहीम: देशभरातून, हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत, शास्त्रज्ञ कासाची बेटे खणून, खुणेच्या चिठ्ठ्या बांधून कोइमतूरला आणीत होते. पंजे आणि बाबू या संशोधकांनी १९६० साली या गवताच्या प्रसाराचा आणि प्रदेशानुसार बदलणाऱ्या गुणसूत्रसंख्येचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यावरून, बाहेरून एकसारखे दिसणारे हे गवत आतून किती नानाविध आहे ते दिसले. जगभरच्या कासांत गुणसूत्रांची संख्या ४० पासून १२८ पर्यंत आढळते.

तेव्हा चित्र असे उभे राहते की, ज्या वर्षांत एका खात्याचे ट्रॅक्टर डॉलरचे कर्ज अंगावर घेऊन मध्य भारतात कास समूळ उपटीत होते, त्याच सुमारास दुसऱ्या खात्याचे लोक तेच कास मुळासकट, जपून, ओल्या गोणपाटात गुंडाळून नेत होते. यात सरकारचा अडाणीपणा दाखविणे सोपे आहे आणि ते चूकही आहे. दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर होती. गव्हाच्या शेतात कास हे तणच आणि उसाच्या पैदाशीत ते धनच. अमेरिकेतही निराळे काही नाही: तेथील केंद्रीय कायद्याने कास हे उपद्रवी तणांच्या यादीत घालून त्याच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत, पनामा कालव्याच्या खोऱ्यात त्याने ओसाड जमिनी व्यापून जंगलाला परत येण्याची वाट अडविली आहे, आणि तरीही फ्लॉरिडातील सरकारी संग्रहात जगभरचे कास जतन करून ठेवलेले आहे.

मराठवाड्यात या हिशेबाला एक स्थानिक कलम जोडावे लागते. संभाजीनगरच्या भागात वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे ७०० मिलीमीटर. ऊस मागतो त्याच्या तिप्पट. जायकवाडीचा नाथसागर झाला तेव्हापासून या भागात ऊस वाढला, कारखाने वाढले, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी आगगाडीने न्यावे लागले तेव्हा उसावर टीकाही पुष्कळ झाली. ती टीका योग्य होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र तहानलेल्या उसाचा दोष त्याच्या रानटी पूर्वजाला लावता येत नाही; कोरड्या माळाच्या ओघळीत जे आठ महिने पाण्यावाचून काढते आणि चार महिने पाण्यात उभे राहते, त्याच्याकडून ऊस एवढेच शिकला की पाणी थोडे कमी मिळाले तरी मरू नये. बाकीची तहान थोर घराण्याची आहे.

शहराच्या पूर्वांगाने वाहणाऱ्या सुखनेच्या आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या काठी कास अजून आहे, परंतु नाल्यांचे काठ आता सिमेंटने बांधले जात आहेत. बांधलेल्या काठाला गवताची गरज उरत नाही, असे अभियंत्यांना वाटते. पुराच्या पाण्याला माती धरून ठेवणारी मुळकांडी हवी असतात की सरळ भिंत, याचा निकाल एकाच पावसाळ्यात लागत नाही, म्हणून हा वाद सहसा अंदाजपत्रकाच्या बाजूने संपतो. कास त्या भिंतींच्या फटींतही उगवते. मग त्याच्यावर तणनाशक फवारले जाते, किंवा दसऱ्यानंतर कोणी तरी ते पेटवून देतो.

तिकडे ऊस-पैदासकारांनी कासाचे खाते पुन्हा उघडले आहे, आणि या खेपेस कारण साखर नव्हे. कासाचा अंश उसात जितका वाढवावा तितके फुटवे वाढतात, चोथा वाढतो, ताण सोसण्याची शक्ती वाढते आणि साखर घटते. कारखाना दर ठरवितो उताऱ्यावर, शेतकरी हिशेब मांडतो टनावर, त्यामुळे इतकी वर्षे कासाला दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे कोणी येऊ दिले नाही. परंतु चोथा जाळून वीज करणे आणि इथेनॉल गाळणे ही कारखान्यांची कमाई झाल्यापासून, जो चोथा पूर्वी आवारात अडचण म्हणून पडून असे त्याला भाव आला, आणि ज्यात कासाचे रक्त नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक आहे असे ‘ऊर्जा-ऊस’ कोइमतूरच्या संस्थेने तयार केले आहेत. त्यांचे खोड बारीक, रस कमी, पाचट फार. गुऱ्हाळवाला त्यांना हात लावणार नाही, रसवंतीवाला तर नाहीच नाही. बॉयलरला मात्र ते चालतात.